कुंपणापलीकडचा डोंगर

डोंगरातला प्लॉट विकत घेणारा माणूस सातबारा बघतो, जमीन एन.ए. झाली आहे का ते विचारतो, रस्ता स्वतःचा की वहिवाटीचा हे पक्कं करतो, बोअरला पाणी किती फुटांवर लागेल याचा अंदाज घेतो. वकील टायटल तपासून देतो, बँक त्यावर कर्ज देते. एवढ्या कागदांत एक प्रश्न मात्र कुठंच येत नाही: या प्लॉटच्या वर काय आहे? वरचा मालक उद्या तिथं काय करणार आहे, पावसाचं पाणी कुठल्या वाटेनं उतरतं, आणि आपण आपल्या हद्दीत पोकलेन लावला तर खालच्या कुणाच्या घराला त्याची झळ बसेल?

उतारावर घर बांधावं की नाही, असा सरळ प्रश्न विचारला तर त्याला सरळ उत्तर नाही. महाबळेश्वरपासून शिमल्यापर्यंत माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर राहत आली आहेत. पण गेल्या पंचवीस वर्षांतल्या दरडी एकापुढे एक मांडल्या की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. दरड माथ्यावर सुटते, मधल्या उतारावरून जाते आणि पायथ्याशी माणसं गाडते. तिचा प्रवास अनेक मालकांच्या जमिनींतून होतो. आपली परवानगी, विक्री आणि जबाबदारी ठरवण्याची व्यवस्था मात्र एका प्लॉटच्या कुंपणापाशी थांबते. या प्रश्नाच्या मुळाशी ही विसंगती आहे.

माती कधी सुटते

सह्याद्री घडला तो लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी. कठीण काळा पाषाण, मध्येच तांबड्या, मऊ मातीसारखा पट्टा, मग पुन्हा पाषाण. वरचा खडक कुजून त्याचा मुरूम होतो आणि मुरमावर काही फूट माती असते. कोकणात नि गोव्यात माथ्यावर जांभा असतो आणि त्याच्या पोटात पांढरट-पिवळी चिकणमाती. वरचा जांभा पाणी सहज आत घेतो, खालची चिकणमाती ते पुढं जाऊ देत नाही. पाणी दोन थरांच्या सांध्यावर साठतं आणि नेमका तोच सांधा घसरणीची वाट बनतो.

कोरड्या उतारावर दोन बळांची ओढाताण चाललेली असते. मातीचं वजन तिला खाली ओढतं. कणाकणांमधलं घर्षण, चिकटपणा आणि झाडांची मुळं तिला धरून ठेवतात. पाऊस दोन्ही बाजूंनी तोल बिघडवतो. भिजलेली माती जड होते, हे सहज लक्षात येतं. त्याहून घातक दुसरी गोष्ट आहे. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी दाबाखाली भरलं की ते कणांना एकमेकांपासून सुटं करायला बघतं आणि घर्षण कमी होतं. त्यामुळे अनेक दिवसांच्या संततधारेनंतर आलेली एक जोरदार सर पुरेशी ठरते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं, त्याच पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रायगड, रत्नागिरी आणि साताऱ्यात त्या दोन-तीन दिवसांत तळिये, साखर सुतारवाडी, पोसरे, आंबेघर, मिरगाव, ढोकावळे अशा ठिकठिकाणी डोंगर सुटले.

पाणी फक्त आभाळातून येत नाही. शोषखड्ड्यांत मुरणारं सांडपाणी, गळकी टाकी, बागेला रोज सोडलेला पाइप हेही डोंगराच्या पोटात पाणी घालतात, आणि तेही बारा महिने. उत्तराखंडातलं जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं गाव. १९७६ मध्ये मिश्रा समितीनं तिथल्या जड बांधकामांवर, खोदकामावर आणि सुरुंगांवर निर्बंध सुचवले होते, पाण्याच्या निचऱ्याची सोय करायला सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले.

उतार किती तीव्र आहे याकडे सगळ्यांचं लक्ष असतं; दरड सुटल्यावर किती दूर येईल, याकडे कमी. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळमधल्या वायनाडमध्ये सुमारे दीड हजार मीटर उंचीवर सुटलेला डोंगर ओढ्याच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर खाली आला आणि मुंडक्कई-चूरलमलाची वस्ती घेऊन गेला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. यातली पुष्कळ घरं ‘तीव्र उतारावर’ नव्हतीच. ती नदीकाठच्या बऱ्यापैकी सपाट जागेत होती. कागदावर ज्याला डोंगर म्हणता येणार नाही, असा पायथा अनेकदा सगळ्यात धोक्याचा असतो.

तीन तऱ्हेची घरं

उतारावरच्या सगळ्या घरांना एकाच मापानं मोजलं की चर्चा भरकटते. महाराष्ट्रात निदान तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा वाड्या-पाड्यांची. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, धनगर यांच्या वस्त्या शेतीजवळ, पाण्याजवळ, रानाजवळ वसल्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळीच दरडीखाली गेलं आणि १५१ माणसं मरण पावली. गाव जागेवर नाही, हे आधी एका एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत रस्ताच नव्हता, त्यामुळे यंत्रं वर नेता आली नाहीत. अशा वाड्यांत कुणी बिल्डर नसतो, नकाशा मंजूर झालेला नसतो, म्हणून परवानगीचा नियम कितीही कडक केला तरी तो इथं पोचतच नाही.

दुसरी तऱ्हा मुंबईची. घाटकोपर, साकीनाका, चेंबूर, मालाड, भांडुप, विक्रोळी, कुर्ला. शहरात सपाट जमीन परवडेना तेव्हा माणसं टेकड्यांच्या अंगावर चढली. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरमध्ये दरडीनं साठहून अधिक जीव घेतले. मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळानं केलेल्या पाहणीत दरडीचा धोका असलेल्या ३२७ जागा आणि तिथल्या बावीस हजारांहून अधिक झोपड्या नोंदल्या गेल्या. त्यावरचं नेहमीचं उत्तर म्हणजे संरक्षक भिंत. पण भिंतीमागे पाणी साठत राहिलं आणि ते बाहेर काढायची छिद्रं बुजली किंवा पुरेशी नसली, तर भिंतच दरडीचं काम करते. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात टेकडीवरच्या जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळून तीसच्या आसपास माणसं मेली. जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारतनगरात टेकडीलगतची भिंत कोसळून १९ जण गेले.

तिसरी तऱ्हा हौसेची आहे: सेकंड होम, फार्महाऊस, टेकडीवरचा टॉवर. इथं माणसाकडे निवड असते. पैसा, सल्लागार, वकील सगळं असतं आणि तरीही डोंगर विचारांत येतो तो बहुतेक वेळा ‘व्ह्यू’ म्हणून. जुलै २०२४ मध्ये लवासात दरड दोन बंगल्यांवर आली. नियोजनपूर्वक आखलेलं आणि पैसेवाल्यांसाठी बांधलेलं ठिकाणही डोंगराच्या हिशेबातून सुटत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

या तिन्ही तऱ्हांत धोक्याचं शास्त्र एकच. पण कुणाला ‘तू इथं का राहतोस’ असं विचारायचं आणि कुणाला ‘तू इथं का कापलंस’ असं विचारायचं, हे वेगळं ठरवावं लागतं.

कापणी आणि भराव

पुण्यात नि कोकणात पावसाळा संपला की पिवळी यंत्रं डोंगरावर चढतात. पंचवीस अंशांच्या उतारावर घरासाठी दहा मीटर रुंदीची सपाटी पूर्ण कापून काढायची, तर मागे साडेचार मीटरहून उंच उभी कड तयार होते. एवढी उंच मुरमाची कड एका उन्हाळ्यात ताठ उभी राहते आणि मालकाला धीर येतो. कोरड्या मुरमाचा तो ताठपणा फसवा असतो. कापणीमुळे डोंगराचा पाय काढून घेतलेला असतो आणि वरच्या मातीला खालून मिळणारा आधार गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात भेगा वर सरकू लागतात, बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या जमिनीत.

खर्च वाचवायचा म्हणून अर्धं कापून ती माती पुढच्या बाजूला टाकतात आणि त्या भरावावर अंगण, कधी अर्धं घरच उभं करतात. मागचा पाया कातळावर आणि पुढचा सैल मातीवर असला की घराला तिरके तडे पडतात. थर घालून दाबून न बसवलेला भराव पावसात खाली निसटतो. त्यात ओढ्याची वाट बुजवली गेली तर मग विचारायलाच नको. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीत असंच झालं. डोंगर कापून नि नैसर्गिक प्रवाह अडवून केलेल्या जागेतून पाणी आणि चिखल महामार्गावर उतरला आणि एक आई नि तिची लहान मुलगी वाहून गेली. ज्यांचा त्या जमिनीशी काडीचाही संबंध नव्हता, त्या वाटसरूंनी किंमत मोजली. जपानमध्ये अतामी इथं जुलै २०२१ मध्ये जवळजवळ हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. माथ्याजवळच्या घळीत कुणीतरी टाकलेला मातीचा भराव पावसात सुटला आणि खालची वस्ती उद्ध्वस्त झाली. त्यानंतर जपाननं भराव टाकण्याविषयीचा कायदाच बदलला आणि तो २०२३ पासून लागू केला.

शेतीसाठी केलेली सपाटीही या चर्चेबाहेर नाही. माळीणनंतर वरच्या उतारावर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं आणि त्यावर मतभेदही झाले. हातानं घातलेल्या, दगडी बांधाच्या, पाणी बाजूला काढून देणाऱ्या जुन्या ताली आणि एका आठवड्यात यंत्रानं ओढलेली सपाटी यांत फरक आहे. तालींचा उतार हळूहळू स्थिरावतो आणि बांध दरवर्षी दुरुस्त होतात. यंत्र काम करून निघून जातं. पाणी कुठं जाईल, हे बघायला मागे कुणी उरत नाही.

नियम काय म्हणतात

महाराष्ट्रात नियम नाहीत असं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला, कापणीला आणि सपाटीकरणालाही मनाई आहे. पाच मीटर आडवं जाताना एक मीटर चढ, म्हणजे सुमारे अकरा अंश. पुण्यात समाविष्ट गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे आणि ते ठेवावं की सैल करावं यावर वीस वर्षं वाद चालू आहे. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचं कलम १७-अ आणखी पुढं जातं. तिथं १:१० उताराची जमीनही डोंगराळ धरली जाते आणि परवानगीशिवाय ती कापता येत नाही.

या नियमांना दोन मर्यादा आहेत. एक, बंदीचा आकडा टेकडी मोकळी ठेवायला उपयोगी पडतो, पण सुरक्षिततेचं माप म्हणून तो अपुरा आहे. कातळावरचा वीस अंशांचा उतार शंभर वर्षं हलणार नाही आणि जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावरचा दहा अंशांचा उतार एका पावसात सरकू शकतो. दुसरी मर्यादा ही की उतार मोजला जातो तो अर्जदाराच्या प्लॉटवर. वरचे दोनशे मीटर आणि खालचे दोनशे मीटर यांचा नकाशा कुणी मागत नाही. प्लॉटच्या आत सगळं कायदेशीर आणि प्लॉटच्या बाहेरून येणारी दरडही कायदेशीर, अशी ही अवस्था.

मोठ्या पातळीवरही तेच दिसतं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटानं २०११ मध्ये संपूर्ण घाटाचा विचार एकत्र करायला सांगितलं. मग कस्तुरीरंगन समिती आली, क्षेत्र आक्रसलं, आणि केंद्रानं एकामागून एक मसुदे काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात ५६ हजार ८०० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचवलं, त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर. अशा मसुद्यांना विरोध करणाऱ्यांत खाणवाले आणि बिल्डर आहेत तसे घर दुरुस्तीलाही परवानगी लागेल या भीतीनं घाबरलेले गावकरीही आहेत. त्या भीतीचं नीट उत्तर न देता काढलेली अधिसूचना गावात पाय रोवू शकत नाही.

यादी, नकाशा आणि इशारा

देशाच्या सुमारे साडेबारा टक्के भूभागाला, म्हणजे ४.२ लाख चौरस किलोमीटरला, दरडींचा धोका आहे आणि त्यात पश्चिम घाट नि कोकणाचा वाटा मोठा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं धोक्याच्या उतारांचे नकाशे करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१४ पासून राबवला. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं २०२३ मध्ये १४७ जिल्ह्यांचा दरडींचा ॲटलास प्रसिद्ध केला. जिल्हा प्रशासनांकडे दरडप्रवण गावांच्या याद्या आहेत. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती, असं सरकारनंच घटनेनंतर सांगितलं.

त्यावरून यादी निरुपयोगी ठरत नाही, पण तिचं मोजमाप किती ढोबळ आहे ते कळतं. या नकाशांचं प्रमाण जिल्ह्याचं नियोजन करायला पुरतं. एका वाडीच्या मागची घळ त्यात दिसेलच असं नाही. तिथं गावातल्या माणसांची नजर लागते. वरच्या रानात कमानीसारखी पडलेली नवी भेग, कललेली झाडं नि खांब, अचानक अडकणारी दारं, फुगलेली भिंत, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, ही चिन्हं बहुतेक वेळा आधी दिसतात. ती ओळखणारे लोक असतात. पण त्यांनी सांगितलं तर ऐकून घेऊन रातोरात वाडी खाली उतरवण्याचा अधिकार आणि निवाऱ्याची सोय कुणाकडे आहे, हे ठरलेलं नसतं. तलाठी तहसीलदाराकडे बोट दाखवतो, तहसीलदार भूवैज्ञानिकाच्या अहवालाकडे.

पावसाच्या आकड्यांवरून दरडीचा अंदाज देणं आता शक्य होत आहे. कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र १९ जुलै २०२४ ला सुरू झालं. दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरी या भागांपासून त्याच्या बुलेटिनांना सुरुवात झाली. सह्याद्रीच्या प्रत्येक तालुक्याला असा इशारा मिळेल तेव्हा खरी परीक्षा सुरू होईल. इशारा दहा वेळा खोटा ठरला तरी अकराव्या वेळी घर सोडायला लोकांना कसं तयार करायचं, हा प्रश्न तेव्हा उभा राहील.

उताराला नंबर देणारं शहर

डोंगराचा विचार कुंपणापलीकडे कसा करायचा, हे हाँगकाँगनं दाखवलं आहे. १८ जून १९७२ या एका दिवसात साउ माउ पिंग आणि पो शान रोड इथल्या दरडींनी १३० हून अधिक जीव घेतले. १९७६ मध्ये साउ माउ पिंगला पुन्हा भराव सुटला. पुढच्याच वर्षी सरकारनं उतारांवर लक्ष ठेवणारं भूतंत्र खातं स्थापन केलं आणि दरडीच्या इशाऱ्याची व्यवस्थाही सुरू केली. आज तिथं सुमारे ६० हजार मानवनिर्मित उतार नोंदलेले आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि त्याची पाटी उतारावरच लावलेली असते. उताराचा मालक कोण, देखभाल कुणी करायची, हे ठरलेलं आहे. कसूर झाली तर सरकार आदेश काढून दुरुस्ती करायला लावतं. पूल किंवा धरण जसं दरवर्षी तपासलं जातं तसा तिथं कापलेला डोंगरही तपासला जातो. दरडी तिथं अजूनही पडतात, पण माणसं मरण्याचं प्रमाण फार खाली आलं आहे.

जपाननं वेगळी वाट धरली. तीस अंशांहून तीव्र नि पाच मीटरहून उंच उतारांच्या आसपासची जागा तिथं पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागली जाते. पिवळ्या पट्ट्यात इशारा आणि स्थलांतराची तयारी बंधनकारक. लाल पट्ट्यात बांधकामावर निर्बंध, शिवाय घर हलवायला मदत. घर विकताना ते कुठल्या पट्ट्यात आहे, हे ग्राहकाला सांगावंच लागतं. पट्टा आखताना दरड कुठवर येईल, हेही धरलेलं असतं. म्हणजे पायथ्याचं सपाट घरही लाल पट्ट्यात येऊ शकतं.

या दोन्ही ठिकाणी पैसा आहे, शासन घट्ट आहे, जमीन कमी आहे, म्हणून त्यांची नक्कल जशीच्या तशी इथं चालणार नाही. पण दोघांनीही एक साधी गोष्ट मान्य केली आहे: उतार हा जमिनीचा तुकडा नव्हे, एक चालू यंत्रणा आहे आणि तिला सांभाळणारा कुणीतरी असायलाच हवा.

हलवायचं तर कुठं

धोक्याची वाडी उठवा, असं म्हणणं सोपं आहे. माळीणच्या लोकांसाठी आमडे इथं नवी घरं बांधून एप्रिल २०१७ मध्ये दिली गेली. त्याच वर्षीच्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथं जमीन खचली, रस्त्यांना भेगा पडल्या आणि ज्या लोकांनी एक डोंगर कोसळताना पाहिला होता, त्यांना पुन्हा घराबाहेर पडावं लागलं. उताराची कापणी, भराव, निचरा यांचं शास्त्र पुनर्वसनाच्या वसाहतीला लागू होत नाही असं कुणाला वाटलं असेल, तर ते त्या पावसानं खोडून काढलं. तळियेच्या लोकांना पक्की घरं मिळेपर्यंत पावसाळे कंटेनरच्या घरांत काढावे लागले.

वाडी हलते तेव्हा रान, गुरं, शेत, पाणी हे सगळं मागे राहतं. नवी जागा रोजगारापासून लांब असली की पुरुषमाणसं सुगीला जुन्या जागी परत जातात, म्हातारी माणसं तिथंच राहायचा हट्ट धरतात आणि पावसाळ्याच्या रात्री कुणीतरी जुन्या घरात असतंच. मुंबईत झोपड्या हलवल्या तर त्याच जागी नव्या उभ्या राहतात, कारण टेकडीच्या पायथ्याशी काम असतं आणि कुर्ल्याची खोली मानखुर्दला किंवा माहुलला नेली तर तिथं काम नसतं. स्थलांतराचा प्रश्न म्हणून भूशास्त्राइतकाच जमिनीच्या किमतीचा आणि रोजीरोटीचा प्रश्न आहे.

मग काय करावं

इंजिनीअर म्हणतील, जवळजवळ कुठल्याही उतारावर घर बांधता येतं. पायऱ्यापायऱ्यांनी बांधकाम, खडकापर्यंत नेलेले खांब, मातीत रोवलेले पोलादी खिळे, पाणी बाहेर काढणारे आडवे पाइप, माथ्यावरचे चर. हे खरं आहे. पण या सगळ्याची किंमत घरापुरती नसते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चर साफ करणं, छिद्रं मोकळी ठेवणं, भिंतीचा फुगवटा बघणं, हा खर्च घर उभं असेपर्यंत चालू राहतो आणि तो कुणी उचलायचा, हे खरेदीखतात लिहिलेलं नसतं.

म्हणून सुधारणेची सुरुवात मोठ्या बंदीऐवजी चार छोट्या कागदांपासून करता येईल. बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत प्लॉटच्या वरच्या आणि खालच्या उताराचा, पाण्याच्या वाटांचा नकाशा लागावा. काही मीटरहून उंच कापणी किंवा भराव असेल तर त्याचं स्वतंत्र नोंदणीपत्र असावं आणि त्यावर भूतंत्र अभियंत्याची सही असावी. दरडप्रवण पट्ट्यातल्या जागेचा धोका विक्रीच्या कागदावर लिहिणं सक्तीचं व्हावं. आणि प्रत्येक धोक्याच्या वाडीसाठी, वस्तीसाठी एक नाव ठरलेलं असावं: पाऊस अमुक मिलिमीटरच्या पुढं गेला की कुणाच्या शब्दावर लोक उठतील आणि कुठल्या शाळेत जातील.

यातलं एकही काम अशक्य नाही. हाँगकाँगनं आपली यंत्रणा उभारायला १९७२ आणि १९७६ अशा दोन आपत्ती घेतल्या. आपल्याकडे २००५ मध्ये महाड परिसरात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दीडशेहून अधिक माणसं गेली. नंतर माळीण, तळिये, इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी चौकशी झाली, मदत झाली, घरं बांधली गेली, आणि प्रत्येक वेळी उत्तर त्या एका गावापुरतं राहिलं. डोंगराचा प्रश्न एकेका गावाचा, एकेका प्लॉटचा म्हणून सोडवत राहिलो, तर पुढच्या जुलैत तो कुठल्या गावात विचारला जाईल, एवढाच काय तो अनिश्चित भाग उरतो.